सुभेदारांचा बाहेरचा पत्ता

खोली दाखवायच्या आधी जो घरमालक आडनाव विचारतो, त्याचा मी जाहीर निषेध करते. हे वाक्य मी कॉलेजात असताना पत्रकात छापलं होतं. छापखान्यात एका मित्रानं ‘जाहीर’ काढ, जागा वाचेल, असं सुचवलं होतं. मी काढलं नाही. आजही काढत नाही.

म्हसवडहून इस्लामपूरला शिकायला आले तेव्हा पत्र्याची पेटी एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवून मी खोली शोधत हिंडत होते. पहिल्या घरात आडनाव विचारलं. सांगितलं, तर खोली कालच गेली होती. पुढच्या घरात सांगितलं, तर अचानक त्यांचा भाचा राहायला येणार होता. असे भाचे इस्लामपुरात त्या दुपारी फार झाले. शेवटी मी इतकी चिडले, की दार उघडायच्या आधीच आडनाव ओरडायला लागले. म्हटलं, तुमचाही वेळ वाचू द्या आणि माझाही.

सुभेदारांच्या दारातही तसंच ओरडले. दार उघडलं ते खाकी अर्धी चड्डी, पांढऱ्या मिशा आणि एका गालावर साबण असलेल्या गृहस्थानं.

“काय झालं वरडायला?”

“खोली हाय का? आन माझं आडनाव—”

“थांब. मी इचारलं का?”

“न्हाई, पर इचारणार.”

“कशापायी? तू सोताबद्दल चांगलंच सांगणार. मी बी माज्याबद्दल चांगलंच सांगणार. त्या सांगण्याचा उपेग काय? तू आसं कर. नाक्यावर जा. तितं चार जणांना इचार, मिलिटरीवाला घरमालक कसा हाय. समदं ऐकून ये. मग बी वाटलं तर पेटी आण. ओव्हर.”

आणि दार लावलं.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. भांडण कुणी असं हातातून काढून घेतलं की माणूस मोकळा पडतो. गेले मुकाट्यानं नाक्यावर. चहावाला म्हणाला, “येडं हाय. पर भाडं वाढवत न्हाई.” शिंपी म्हणाला, “लय येडं हाय. बायकूशी रेडिओवर बोलल्यावाणी बोलतंय.” सायकलच्या दुकानदारानं नुसतं कपाळाशी बोट नेऊन गोल फिरवलं.

परत येऊन मी हे सगळं तोंडावर सांगितलं. मला सांगायला भीती नव्हती. पत्रकं काढणाऱ्या माणसाला ती ठेवून चालत नाही. सुभेदारांचा चेहरा उजळला.

“समदे येडंच म्हनाले?”

“समदे.”

“झकास. म्हंजे पत्ता कायम हाय. जा, पेटी आण.”

“माज्याबद्दल न्हाई का इचारणार कुणाला?”

“इचारीन की. म्हैनाभर ऱ्हा, मग गल्लीत इचारीन. आत्ता गल्लीला तरी काय म्हाईत हाय?”

अशी मला वरची खोली मिळाली.

सुभेदार सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते. सगळं आयुष्य तारा, खांब आणि वायरलेस यांच्यात गेलं. त्यातून दोन गोष्टी त्यांच्या अंगात मुरल्या. एक म्हणजे बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. काकी, म्हणजे त्यांची बायको, भांडणातसुद्धा ‘ओव्हर’ची वाट बघायच्या. सुभेदार मध्येच विसरले की काकी भाकरी थापता थापता विचारायच्या, “झालं का तुमचं? ओव्हर म्हना की, मला बोलायचंय.”

दुसरी गोष्ट म्हणजे कुणाचंही स्वतःबद्दलचं म्हणणं खरं न मानणं. स्वतःचंसुद्धा. घरात आरसा नव्हता. “आरसा माज्याच भिंतीवर, मीच टांगल्याला. त्यो माजीच बाजू घेणार,” असं त्यांचं म्हणणं. दाढी करताना काकी चुलीपुढून रिपोर्ट द्यायच्या, “डाव्या कानाखाली ऱ्हायलं.” काकी गावाला गेल्या की सुभेदार गालावर साबण ठेवून गल्लीत उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून खरडायचे. ताप आला तरी तेच. कपाळ घेऊन शेजारी जायचे आणि म्हणायचे, “हात लावून सांगा, मला ताप हाय का.”

पण त्यांचा खरा छंद निराळाच होता. अधूनमधून संध्याकाळी ते माकडटोपी घालून, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, अनोळखी माणसाला स्वतःचाच पत्ता विचारायचे.

“आवं, ते मिलिटरीवालं सुभेदार कुठं राहत्यात?”

मग समोरचा जे सांगेल ते कान देऊन ऐकायचं. नुसता रस्ता नव्हे. रस्ता सांगताना माणूस वर काय काय टाकतो ते. ‘ते येडं व्हय’, ‘ते कुत्र्याला सलाम ठोकतंय ते व्हय’, असं सगळं. घरी आले की त्याचा रिपोर्ट. एकदा साखर कारखान्याच्या बाजूला एका भल्या माणसानं त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन थेट घरी आणून सोडलं. वाटेत तो सुभेदारांबद्दल सुभेदारांनाच काय काय सांगत आला होता. काकींनी दार उघडलं, तर तो म्हणाला, “वैनी, ह्यास्नी सुभेदारास्नी भेटायचंय.” काकींनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “मला बी भेटायचंय. कवा सापडत्यात बघा.”

मी राहायला आल्यावर महिन्याभरानं सुभेदार असेच हिंडून आले आणि जेवताना म्हणाले, “आज नवीन ऐकलं. त्यो म्हनला, त्या पोरीला खोली दिलीया ते घर व्हय? लय वंगाळ तोंड करून म्हनला.”

मी म्हटलं, “मग? काढू का पेटी?”

“कशाला? पत्ता लांबला जरा. तेवढंच. काकीला भाजी वाढ म्हनावं, ओव्हर.”

बाकी लोक पुरोगामी भाषणं करतात. सुभेदारांनी भाजी मागितली.

घराच्या खालच्या खोलीत त्यांचं कंप्युटरचं दुकान होतं. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं ते. सांगलीच्या एका खासगी कंपनीनं नुकतंच इंटरनेट सुरू केलं होतं आणि अँटेना लावून कायमची जोडणी द्यायला लागली होती. आमच्या भागात त्यांची दोनच गिऱ्हाईकं, एक सुभेदारांचं दुकान आणि दुसरं आमचं कॉलेज. मी संध्याकाळी दुकान सांभाळायचे, त्यामुळं मला कंप्युटर चांगला यायचा. कॉलेजात मात्र मला कंप्युटर बघताही येत नव्हता. कंप्युटरच्या खोलीवर पाटीच होती, ‘विद्यार्थिनींना प्रवेश नाही’.

का? तर इंटरनेटवर वाईट गोष्टी असतात म्हणून. मुलींच्या सुरक्षिततेसाठी. वाईट गोष्टी मुलं बघणार आणि सुरक्षित राहायला मुली बाहेर उभ्या राहणार! मी पत्रक काढलं. मथळा होता ‘कंप्युटरला शिंगं आहेत काय?’ खाली तीन मागण्या, आणि तिन्ही एकच, की पाटी काढा.

प्राचार्य माणूस तसे वाईट नव्हते. शिस्तीचे होते, आणि केसांचा टोप वापरायचे. तो टोप टोप आहे हे कॉलेजला, एसटी स्टँडला, बाजाराला, सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या प्राचार्यांना. म्हणजे टोप आहे हे त्यांना माहीत होतं, ते सगळ्यांना माहीत आहे हे माहीत नव्हतं. ते त्या टोपाला भर वर्गात कंगवा लावायचे.

माझं पत्रक निघालं आणि आठवड्यात प्राचार्यांना एक निनावी ई-पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सर, आपला टोप हल्ली उत्तरेकडे सरकतो. खिडकीचा वारा लागत असल्यास खुर्चीची जागा बदलावी. आपला, एक हितचिंतक.’

मला बोलावणं आलं. प्राचार्य टेबलामागं लाल झालेले आणि शेजारी कंप्युटरचे सर. सरांच्या हातात पत्राचा छापलेला कागद.

“हे तुमचं काम आहे,” प्राचार्य म्हणाले.

“सर, मी पत्र लिहिलं तर खाली नाव लिहिते. मोठ्या टायपात.”

“आधी चळवळ, मग टिंगल. सगळं जुळतंय. आणि तुम्ही त्या मिलिटरीवाल्याच्या दुकानात बसता. सर, सांगा यांना.”

कंप्युटरचे सर घसा खाकरून म्हणाले, “ई-पत्र कुठून निघालं त्याचा नंबर पत्राच्या माथ्यावर येतो. हा बघा. सांगलीच्या कंपनीच्या मालिकेतला आहे. शेवटचा आकडा सत्तावीस. इथं त्या कंपनीच्या जोडण्या दोनच. आपली आणि त्यांची.”

“आणि आपल्या खोलीत शिस्त आहे,” प्राचार्य म्हणाले. “तेव्हा सत्तावीस म्हणजे सुभेदारांचं दुकान. तसं नसेल तर सोमवारपर्यंत सिद्ध करा. नाहीतर तुमचं नाव पटावरून कमी होईल.”

शेवटचं वर्ष होतं. परीक्षा तोंडावर. नाव कमी झालं असतं तर परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की म्हसवडला मामानं स्थळ तयारच ठेवलं होतं. मुलाची पिठाची गिरणी होती आणि मामाच्या मते मुलगा ‘कमी बोलणारा’ होता. तो बोलणार नाही आणि मी थांबणार नाही, असला संसार डोळ्यांपुढं आला आणि मी धावतच घरी आले.

कंपनीला फोन लावला, आमचा नंबर सांगा म्हणून. तिकडून उत्तर आलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दुपारी लावला तेव्हाही साहेब मीटिंगमध्येच. सरकारी असो की खासगी, साहेब एकदा मीटिंगमध्ये गेला की बाहेर येत नाही, हा माझा चळवळीतला अनुभव आहे. मग मी स्वतःच दुकानातल्या कंप्युटरमध्ये शोधलं. नंबर सापडला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, पाच. पाच! सत्तावीस नव्हे! मी तशीच छापखान्यात गेले. सकाळी कॉलेजच्या भिंतीवर पत्रक झळकलं. ‘हा घ्या आमचा पत्ता! आता तुमचा दाखवा!’

त्यांनी दाखवला. कंप्युटरच्या सरांनी कॉलेजच्या एका यंत्रावर बघितलं, तर तिथंही एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, पाच. प्राचार्यांनी माझं पत्रक माझ्याच नाकापुढं हलवलं. “हा पत्ता तर आमचाही आहे. म्हणजे तुम्ही आमच्याही घरात राहता की काय?”

त्या पत्रकातला मजकूर चुकीचा होता. भाषा चांगली होती, एवढं मी अजूनही म्हणेन.

सुभेदारांनी पत्रक वाचलं आणि इतके हसले की काकी आतून बघायला आल्या.

“आगं पोरी, ह्यो घरातला नंबर हाय. घरात काकी मला काय म्हनती?”

“आवं म्हणत्यात.”

“हां. आता इस्लामपुरात हरेक घरात एक ‘आवं’ हाय का न्हाई? मग पाकिटावर ‘आवं, इस्लामपूर’ लिवलं तर पोस्टमन कुणाच्या घरात टाकणार?”

“मग आपला खरा नंबर?”

“त्यो छपरावरच्या डब्याला. डब्याला कंपनीचं सील. आन खरं सांगू? सील फोडून डब्याला इचारलं तरी मी इश्वास ठेवणार न्हाई. आपला पत्ता आपल्याच घरात इचारायचा नसतोय. बाहेर इचारायचा.”

“बाहेर कुणाला?”

सुभेदारांच्या मिशा वर गेल्या. त्यांचा पलटणीतला एक जोडीदार निवृत्त होऊन बेंगळुरात एका कंप्युटर कंपनीत लागला होता. दोघं ई-पत्रातसुद्धा शेवटी ‘ओव्हर’ लिहायचे. या जोडीदारानं सुभेदारांच्या आग्रहाखातर एक गंमत करून ठेवली होती.

ती समजायला एसटी स्टँड डोळ्यांपुढं आणा. स्टँडवर चौकशीची खिडकी असते. आपण नाव सांगायचं, म्हसवड. आतला माणूस सांगणार, फलाट अमुक. इंटरनेटवरही अशा खिडक्या असतात. आपण एखाद्या जागेचं नाव सांगायचं, खिडकी त्या जागेचा नंबर सांगणार. जोडीदाराच्या खिडकीची गंमत अशी, की तिला कुठलंही नाव विचारा, ती त्याचा नंबर सांगायचीच नाही. प्रश्न ज्या नंबरावरून आला, तोच नंबर उत्तर म्हणून द्यायची. म्हणजे तुम्ही विचारलं म्हसवड गाडी कुठं लागते, तर आतला म्हणणार, “तुम्ही त्या पानपट्टीच्या बाजूनं आलाय.” दुसऱ्या कुणाला ही खिडकी बिघडलेली वाटली असती. सुभेदारांना ती जगातली एकमेव शहाणी खिडकी वाटायची.

त्यांनी कंप्युटरवर काळी चौकट उघडली, एका बोटानं इंग्रजी अक्षरांत ‘मीकोण’ लिहिलं, पुढं जोडीदाराच्या कंपनीचं नाव जोडलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं. मालिका सांगलीच्या कंपनीचीच, शेवटचा आकडा चाळीस.

“चाळीस!” सुभेदार उठून उभे राहिले. “सत्तावीस न्हाई! पोरी, तू सुटलीस! काकी, साखर आण! ओव्हर!”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं कॉलेजात. सुभेदार पदकं लावून. त्यांनी प्राचार्यांना एक सलाम ठोकला आणि सगळी हकिकत सांगितली. कंप्युटरचे सर म्हणाले, “मग आपल्याही खोलीत तोच प्रश्न विचारून बघू. इथं सत्तावीस आला तर गोष्ट स्पष्ट होईल.” आम्ही सगळे त्या खोलीपाशी गेलो. प्राचार्य, सर आणि सुभेदार आत. मी पाटीखाली, उंबऱ्याच्या बाहेर.

सरांनी ‘मीकोण’ लिहिलं. उत्तर आलं, चाळीस.

दुकानातही चाळीस आणि कॉलेजातही चाळीस. गावाच्या दोन टोकांना दोन अँटेना, आणि पत्ता एकच!

“म्हणजे ही पद्धतच बोगस आहे,” प्राचार्य म्हणाले. “सुभेदार, ही काय थट्टा आहे? सोमवारी यांचं नाव कमी.”

सुभेदारांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. पदकं एकदम जड झाल्यासारखे वाकले. “खिडकी बिघडली म्हनायची,” असं काहीतरी पुटपुटले.

आणि उंबऱ्यावर उभं राहून माझं डोकं चालायला लागलं. दोन निरनिराळ्या माणसांना एकच उत्तर मिळतं म्हणजे मध्ये कुणीतरी बसलेला असतो. हे मला कंप्युटरनं नाही शिकवलं, तालुक्याच्या कचेरीनं शिकवलं. दाखल्यासाठी कुणीही जा, मधला माणूस सगळ्यांचे अर्ज गोळा करतो आणि आत एकटा जातो. साहेबाला दिसतो तो फक्त मधला माणूस.

“सुभेदार,” मी बाहेरून ओरडले, “तुमी नाक्यावर सोता गेलता, का कुणाला धाडलंत?”

“आँ?”

“ह्यो प्रश्न बेंगळुराला सोता गेला का? का कंपनीच्या सांगलीतल्या खिडकीला सांगितला, आन तिनं तो पुढं नेला?”

सुभेदारांनी डोळे मिटले. मग स्वतःच्या कपाळावर असा हात मारला, की पदकं वाजली.

“सांगलीवाल्यानं नेला! आपला कंप्युटर समदं कंपनीच्याच खिडकीला इचारतोय! ती पुढं जाती आन आपल्यापायी इचारून येती! बेंगळूरवाल्यानं सांगलीच्या खिडकीचाच पत्ता सांगितला की गं! चाळीस म्हंजे कंपनीची खिडकी!” मग प्राचार्यांकडं वळून, “सायेब, लिवून घ्या. सुभेदार गाढव हाय. आयुष्यभर समद्यास्नी सांगितलं, सोता जाऊन इचारा. आन आज सोता माणूस धाडला.”

“मग आता?” प्राचार्य म्हणाले.

“आता सांगलीला वगळायचं. बेंगळूरच्या खिडकीचा नंबर द्यायचा आन थेट तिलाच इचारायचं.”

कंप्युटरच्या सरांनी ते कधी केलं नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. सुभेदार चष्मा चाचपायला लागले. चष्मा दुकानात राहिला होता. पदकं तेवढी आठवणीनं आणली होती.

“पोरगीला येतंय,” सुभेदार म्हणाले. “रोज करती दुकानात.”

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं. मी पाटीखाली हाताची घडी घालून उभी. मला कसलीच घाई नव्हती.

“नियम आहे,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या मग नियम,” सुभेदार म्हणाले. “मी घरी जाऊन चष्मा आनतो. वाटेत मला चार जण थांबवणार, काय झालं इचारणार. मी काय खोटं बोलत न्हाई. टोपाचं बी सांगावं लागंल.”

“या आत,” प्राचार्य घाईनं म्हणाले. “पण एकदाच.”

मी आत गेले. इतके दिवस बाहेरून बघितलेली खोली. आत काय होतं? पाच कंप्युटर आणि एक पंखा. पंखा बंद होता. एवढ्यासाठी आम्हाला बाहेर ठेवलं होतं!

मी बसले. जोडीदाराच्या खिडकीचा नंबर मला पाठ होता. तो दिला, म्हणजे प्रश्न आता थेट तिकडंच जाणार. मग लिहिलं, ‘मीकोण’. बटण दाबलं.

सत्तावीस.

कंप्युटरच्या सरांनी हातातला कागद बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला. “सर,” ते हळू म्हणाले, “पत्र या खोलीतून गेलंय.”

मी खुर्ची फिरवली. असला क्षण पत्रकं काढणाऱ्याच्या आयुष्यात फार येत नाही, तो मी घाईत वाया घालवणार नव्हते.

“सर, पत्र ह्या खोलीतनं गेलंय. ह्या खोलीत मुलींना प्रवेश नाही. पाटी तुमचीच आहे. एकतर पाटी खोटी, नाहीतर मी निर्दोष. कुठलं ते तुम्ही ठरवा.”

प्राचार्यांचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. शेवटी म्हणाले, “दुकानातही असंच थेट विचारून बघू. न्याय पुरा झाला पाहिजे.” एवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.

आमची वरात निघाली. पुढं पदकं लावलेले सुभेदार, मागं प्राचार्य, त्यांच्या मागं सर, शेवटी मी. वारा होता. टोप खरोखरच उत्तरेकडं सरकत होता. पत्र लिहिणाऱ्याचं निरीक्षण अचूक होतं. नाक्यावर आलो तेव्हा चहावाला किटलीत वाकून साखर ढवळत होता. सुभेदारांनी सवयीनं, निव्वळ सवयीनं, मी शपथेवर सांगेन, जाता जाता विचारलं, “का रं गड्या, कॉलेजचं प्राचार्य कुठं राहत्यात?”

चहावाल्यानं मान वर केली नाही. “कोण, टोपवालं? पान्याच्या टाकीमागं. तितं कुणाला बी इचारा, टोपवालं म्हना, शेंबडं पोरगं बी सांगंल.”

मग त्यानं मान वर केली.

मी बरेच मोर्चे बघितले आहेत. इतकी शांतता एकाही मोर्चात बघितली नाही. चहावाल्यानं एक कप भरला आणि प्राचार्यांपुढं धरला. प्राचार्यांनी तो घेतला. उभ्यानं प्यायले. रिकामा कप ठेवताना सुभेदारांना विचारलं, “कधीपासून?”

“काय, सायेब?”

“हे… असं म्हणतात ते.”

“पहिल्यापासनं,” सुभेदार म्हणाले. मग मऊपणे, “मला येडं म्हनत्यात. लय बरं असतंय, एकदा कळलं की. रोज आरशात बघायचा ताप वाचतोय.”

दुकानात थेट विचारल्यावर नंबर आला एकतीस. सत्तावीस नव्हे, चाळीसही नव्हे. आमचा एकतीस. सरांनी तो लिहून घेतला. काकींनी सगळ्यांना साखर वाटली. ती आदल्या दिवशीची चुकीच्या आनंदाची साखर होती, पण उरलेली.

सोमवारी मी कॉलेजात गेले तेव्हा माझं नाव पटावर होतं. कंप्युटरच्या खोलीवर पाटी नव्हती, खिळे तेवढे होते. आणि प्राचार्य स्वच्छ पांढरी गांधी टोपी घालून व्हरांड्यातून चालले होते. टोपी फार शोभत होती, आणि कुठल्याही दिशेला सरकत नव्हती. ते पत्र कुणी लिहिलं हे आठवड्यात सगळ्या गावाला माहीत झालं. प्राचार्यांना कधीच कळलं नाही, कारण त्यांनी नाक्यावर काहीही विचारायचं सोडून दिलं होतं. मी परीक्षा दिली. मामाच्या गिरणीवाल्याला दुसरी मुलगी मिळाली. ती म्हणे माझ्यापेक्षा जास्त बोलते.

गेल्या महिन्यात, बऱ्याच वर्षांनी, एका सभेसाठी इस्लामपूरला गेले होते. एसटीतून उतरले आणि काय वाटलं कोण जाणे, घरी जायचा रस्ता डोळे मिटून सापडला असता, तरी सरळ नाक्यावर गेले. चहाच्या गाड्यावर आता चहावाल्याचा नवा मेहुणा होता. मला ओळखायचं त्याला कारण नव्हतं.

“दादा, इथं मिलिटरीवाले सुभेदार राहायचे. त्यांचं घर कुठं?”

त्यानं आठवून बघितलं. “सुभेदार? येडं?”

“तेच.”

“आवं, मग तसं म्हना की. ती म्हसवडची पोरगी नव्हती का, जिनं कॉलेजात टोपवाल्यास्नी गार केलं? ती राहायची ते घर. सरळ जावा, डाव्या हाताला वळा. कुणाला बी इचारा. त्या पोरीचं घर म्हना, सांगत्यात.”

मी त्यानं सांगितल्या रस्त्यानंच गेले. दार सुभेदारांनीच उघडलं. अर्ध्या गालावर साबण. मिशा आणखी पांढऱ्या. मला बघून त्यांनी ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. पहिलं वाक्य हेच, “नाक्यावर इचारलंस का?”

“इचारलं.”

“काय म्हनाला?”

मी शब्दन् शब्द सांगितला. त्या पोरीचं घर. सुभेदार दारात उभे राहून ऐकत होते. साबण वाळून गालावर पांढरा पट्टा झाला होता. मग मान वळवून आत ओरडले,

“आगं, ऐकलंस का? आपला पत्ता बदलला! ओव्हर!”

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि काकी म्हणाल्या, “मला म्हाईत हाय कवाचं. तुमी इचारलं न्हाई. पोरीला आत घ्या आन उजव्या कानाखाली ऱ्हायलंय ते खरडा. ओव्हर.”